१९६७ चा उन्हाळा आणि त्याचं संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'समर ऑफ लव्ह' म्हणजे नेमके कोणते महिने?

हिप्पी तरुणाईच्या बहराचे तीन महिने: जून ते ऑगस्ट १९६७, ठिकाण मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को आणि लंडन. आपला चैत्र-वैशाखातला उन्हाळा इथे डोळ्यांपुढे आणू नका. सॅन फ्रान्सिस्कोत जून-जुलैमध्ये समुद्रावरून धुकं शिरतं आणि भर दुपारीही स्वेटर अंगावर ठेवावा लागतो. रेडिओवरचं गाणं ऐकून केसांत फुलं माळून आणि पातळ कपडे घालून आलेली पोरं तिथे चांगलीच कुडकुडली.

तीन महिन्यांची ही चौकट नंतर आखलेली आहे. १४ जानेवारीला गोल्डन गेट पार्कमध्ये 'ह्यूमन बी-इन' हा मेळावा भरला, तिथून वातावरण तापायला लागलं. शेवट ६ ऑक्टोबरला झाला. हेट-ॲशबरी वस्तीतल्याच लोकांनी त्या दिवशी 'हिप्पी'ची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. बरोबर एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर १९६६ रोजी, कॅलिफोर्नियात एलएसडी हे अमली द्रव्य बेकायदा ठरलं होतं.

महत्त्वाच्या तारखा एका जागी मिळतील का?

१२ मे: जिमी हेंड्रिक्सचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये. २६ मे: बीटल्सचा 'सार्जंट पेपर' ब्रिटनमधल्या दुकानांत (कागदोपत्री तारीख १ जून, अमेरिकेत २ जून). १६ ते १८ जून: माँटेरे पॉप महोत्सव. २५ जून: 'अवर वर्ल्ड' हा उपग्रहांमार्फत अनेक देशांत दाखवलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम. १ जुलै: बीबीसी २ वर रंगीत चित्रं. ऑगस्टच्या सुरुवातीला पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री ब्रिटनमधली समुद्रावरची 'पायरेट' (विनापरवाना) रेडिओ केंद्रं बेकायदा. २४ ऑगस्ट: लंडनच्या हिल्टन हॉटेलात बीटल्सनी महर्षी महेश योगींचं व्याख्यान ऐकलं. २७ ऑगस्ट: त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइनचा मृत्यू. ऋषिकेशची वारी त्यानंतरची, फेब्रुवारी १९६८ ची. बरेच लेख ती याच उन्हाळ्यात घुसडतात, ते चूक आहे.

फुलं, मणी, लांब केस हे तर आधीही होतं. मग याच उन्हाळ्याचं एवढं काय?

आठवणींत फुलं राहतात, पण हा उन्हाळा घडवला तो यंत्रांनी आणि परवान्यांनी, असं आमचं मत आहे. अमेरिकेच्या प्रसारण नियमांतला एक बदल, लंडनच्या स्टुडिओतली चार ट्रॅकची (एकाच टेपवर चार स्वतंत्र ध्वनिपट्टे घेणारी) टेप यंत्रं, पृथ्वीभोवतीचे तीन-चार उपग्रह आणि माँटेरेच्या मैदानाबाहेर उभी केलेली ध्वनिमुद्रणाची गाडी: यातलं एक जरी नसतं तरी आज आपल्यापर्यंत निम्मंही पोचलं नसतं. त्या वर्षी उत्तम वाजवणारे पुष्कळ होते, पण टेपवर आले तेवढेच लोकांच्या आठवणीत उरले.

माँटेरे महोत्सवात कोण होतं, आणि पैसे कोणाला मिळाले?

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर शुक्रवार ते रविवार असे हे तीन दिवस झाले. मुख्य आयोजक लू ॲडलर आणि जॉन फिलिप्स. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. प्रवास आणि राहण्याची सोय आयोजकांची, उत्पन्न धर्मादाय कामाला. अपवाद एकच, पंडित रविशंकर. त्यांचा ३,००० डॉलरचा करार आधीच झाला होता आणि तो पाळला गेला.

जॅनिस जॉप्लिन आणि तिचा वाद्यवृंद शनिवारी दुपारी गायला, पण त्याचं चित्रण झालं नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी त्यांना पुन्हा मंचावर आणलं. महोत्सवावरच्या 'माँटेरे पॉप' या चित्रपटात दिसतो तो हा दुसरा कार्यक्रम. शनिवारी रात्री गाजला तो ओटिस रेडिंग. त्याच वर्षी १० डिसेंबरला विमान अपघातात तो गेला.

रविशंकरांनी तिथे काय वाजवलं?

रविवार, १८ जूनचं दुपारचं सत्र एकट्या त्यांना दिलं होतं. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्या वर्षी निघालेल्या रेकॉर्डीवर तीन गोष्टी आहेत: राग भीमपलासी, एकतालातलं स्वतंत्र तबलावादन, आणि दादरा व द्रुत तीनतालातली धून.

भीमपलासी हा दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा राग, म्हणजे वेळ अचूक पाळलेली. गंधार-निषाद कोमल, आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, वादी मध्यम. समोर सात-आठ हजार अमेरिकन श्रोते, त्यातल्या बहुतेकांना आलाप म्हणजे काय हेही माहीत नसावं. तरीही मैफलीची शिस्त त्यांनी सैल केली नाही, हे रेकॉर्ड ऐकताना स्पष्ट कळतं. मध्यमावरचा मुक्काम पुरेसा लांब आहे, टाळ्यांसाठी घाई केलेली नाही.

चित्रपटात मात्र शेवटची अठराएक मिनिटंच दिसतात, आणि त्यातही बराच वेळ कॅमेरा श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर फिरतो. याला एक तांत्रिक कारणही आहे. १६ मिमी कॅमेऱ्याच्या ४०० फुटी रिळात सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं मावतात. त्यामुळे सलग आलाप-जोड एका कॅमेऱ्याने टिपणं शक्यच नव्हतं. राग ऐकायचा असेल तर रेकॉर्ड लावा. द्रुत लयीतली अल्लारखाँसाहेबांशी सवाल-जवाबाची गंमत बघायची असेल तर चित्रपट.

वाद्य जुळवण्यालाच टाळ्या पडल्यावर 'तुम्हाला वाद्य जुळवणंच एवढं आवडलं, तर वादन आणखी आवडेल' असं रविशंकर म्हणाले, ते माँटेरेलाच ना?

नाही. तो किस्सा १ ऑगस्ट १९७१ चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या बांगलादेशासाठीच्या मैफलीचा. वुडस्टॉक महोत्सव आणखी वेगळा: ऑगस्ट १९६९, तिथे रविशंकर पावसात वाजवून गेले. तिन्ही कार्यक्रमांत ते होते, म्हणून आठवणींची सरमिसळ होते. हेंड्रिक्सचंही तसंच. गिटार पेटवली माँटेरेला, अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवून गाजलं ते वुडस्टॉकला.

गिटार खरंच पेटवली, की कॅमेऱ्याची करामत?

खरंच पेटवली. लायटरमध्ये भरायचं इंधन ओतून, गुडघ्यावर बसून, मग आपटून तोडली. असं त्याने आधी ३१ मार्चला लंडनमध्येही केलं होतं, म्हणजे हा ऐनवेळचा उमाळा नव्हता. 'द हू' हा वाद्यवृंदही वाद्यं फोडण्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे आधी कोण जाणार यावर दोघांत वाद झाला आणि नाणं उडवून तो मिटवला. रविशंकरांना वाद्य जाळणं अजिबात रुचलं नाही, आणि वाद्याला नमस्कार करून बसणाऱ्या परंपरेतल्या माणसाला ते रुचणार तरी कसं?

चार ट्रॅकवर एवढं भरगच्च ध्वनिमुद्रण कसं जमलं?

लंडनच्या ॲबी रोडवरच्या, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत एक इंच रुंद टेपवर चार ट्रॅक घेणारी स्टुडर जे३७ यंत्रं होती. पद्धत अशी:

१. पहिल्या यंत्रावर ड्रम, बास, गिटार, पियानो असे चार ट्रॅक भरायचे.
२. या चारांचा तोल साधून त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचं.
३. मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर गाणं, कोरस, व्हायोलिनं घ्यायची.
४. तरीही जागा कमी पडली तर हेच पुन्हा.

यात दोन गोष्टी बिघडू शकतात. एकदा मिश्रण उतरवलं की त्यातला ड्रम वेगळा वाढवता किंवा कमी करता येत नाही, म्हणजे निर्णय आधीच पक्का लागतो. आणि प्रत्येक प्रतीगणिक टेपची सरसर वाढते. तेवढीच सरसर आणखी एकदा मिसळली की एकूण पातळी साधारण ३ डेसिबलने वर जाते. म्हणून दोनदा-तीनदा उतरवलेल्या गाण्यांत झांजांची धार बोथट वाटते.

जुन्या स्टिरिओ रेकॉर्डीत सगळं वाद्यवादन एका कानात आणि गायक दुसऱ्यात असं का, हा प्रश्नही इथेच सुटतो. एका ट्रॅकवर कोंबलेली वाद्यं नंतर विलग करून पसरवता येत नव्हती.

जवळून ऐकायचं असेल तर 'सार्जंट पेपर'मधलं शेवटचं गाणं घ्या. वाद्यवृंदाच्या चढत्या भागासाठी १० फेब्रुवारीला ४० वादक बोलावले. सूचना एवढीच की २४ मात्राखंडांत आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरपर्यंत आपापल्या गतीने चढा. शेवटचा स्वरसमूह २२ फेब्रुवारीला तीन पियानोंवर एकदम आपटून घेतला. नाद विरत गेला तसतशी ध्वनिमुद्रकाने पातळी हाताने वाढवत नेली, म्हणून तो चाळीसेक सेकंद टिकतो. हेडफोन लावून शेवटची दहा सेकंदं ऐका. पातळी इतकी चढलेली असते की खुर्चीची कुरकुर स्पष्ट येते.

त्याच अल्बममध्ये भारतीय वाद्यांचं गाणं आहे. ते आपल्या कानाला पटतं का?

बऱ्यापैकी. जॉर्ज हॅरिसनने ते लंडनमधल्या 'एशियन म्युझिक सर्कल'च्या वादकांबरोबर केलं, बाकीचे तिघे बीटल्स त्यात वाजवत नाहीत. दिलरुबा, तबला, स्वरमंडळ, तंबोरा. चलन खमाज थाटाचं, गायन तीनतालात आणि मधला वाद्यांचा भाग झपतालात. दहा मात्रा बोटांवर मोजून बघा, सम कुठे येते ते पकडता येतं. पाश्चात्त्य बाजूने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो नंतर, ३ एप्रिलला घेतले. त्या वादकांची खरी कसोटी दिलरुब्याची मींड उचलण्यात होती.

मोनो ऐकावं की स्टिरिओ?

या उन्हाळ्यापुरतं उत्तर आहे: आधी मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत मोनोच वाजत असे, म्हणून मोनो मिश्रणावर वेळ आणि लक्ष खर्च झालं आणि बीटल्स स्वतः हजर राहिले. स्टिरिओ नंतर, झटपट आणि त्यांच्याविना झालं.

फरक कानाला कळतो. घर सोडून जाणाऱ्या मुलीचं जे गाणं आहे, ते मोनोत जलद आणि जवळपास अर्धा स्वर वर आहे. हार्मोनियमवर ताडून बघा: मोनोचा षड्ज पाश्चात्त्य एफवर, म्हणजे पांढरी चारवर बसेल, स्टिरिओचा ईवर, पांढरी तीनवर. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी स्टिरिओच मिळतं, तेव्हा नावात 'मोनो' आहे का ते बघून घ्या.

अमेरिकन रेकॉर्डींवर 'ड्युओफोनिक' किंवा 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड' लिहिलेलं दिसलं तर सरळ बाजूला ठेवा. मोनो ध्वनीचेच दोन भाग करून एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला टीप, वर थोडा विलंब, असा तो बनावट स्टिरिओ असतो. दोन्ही बाजू परत एकत्र केल्या तरी विलंबामुळे आवाज पोकळ येतो.

'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावरून गांधीजींना काढलं, हे खरं का?

खरं. पुठ्ठ्याच्या आकृत्यांत गांधीजी होते. ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना भारतात लोक दुखावतील आणि विक्रीवर परिणाम होईल अशी धास्ती वाटली, म्हणून ती आकृती छपाईआधी पुसली. परमहंस योगानंद, युक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी मात्र राहिले. ही नावं हॅरिसनने सुचवली होती.

'सार्जंट पेपर'ची ब्रिटनमधली मूळ छपाई कशी ओळखायची?

क्रमांक मोनोला पीएमसी ७०२७, स्टिरिओला पीसीएस ७०२७. लेबल काळं, त्यावर पिवळ्या अक्षरांत पार्लोफोन. उघडणारं आवरण, आत कापून घ्यायच्या मिशा-बिल्ल्यांचा पुठ्ठा, आणि रेकॉर्डीचं आतलं पाकीट पांढऱ्यावर लाल-गुलाबी लाटांचं. विक्रेते हमखास वेगवेगळ्या प्रतींचे भाग जुळवून 'संपूर्ण संच' करतात, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र तपासा.

दुसऱ्या बाजूचा शेवट वाजवून बघाच. मूळ ब्रिटिश छपाईत शेवटच्या स्वरानंतर सुमारे १५ किलोहर्ट्झची शिट्टी आणि मग बंद खाचेत फिरत राहणारी बडबड आहे. त्या काळच्या अमेरिकन छपाईत ती नाही. शिट्टी ऐकू आली नाही तर रेकॉर्डीला दोष देऊ नका, चाळिशीनंतर तो सूर बहुतेकांच्या कानाला लागतच नाही.

अशी रेकॉर्ड धुवायची आणि वाजवायची कशी?

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. जास्त झाला की खाचेत थर बसतो आणि आवाजात नवीच कुरकुर येते. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळा आणि उभी ठेवून वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत राहतात. शेलॅकच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, त्या विरघळतात.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकात असेल तोच. बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम लागतो. झीज वाचावी म्हणून दाब कमी ठेवणारे उलट नुकसान करतात, कारण सैल सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. मोनो रेकॉर्डीला ॲम्प्लिफायरवरचं मोनो बटण दाबा. मोनोत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, दोन्ही बाजू एकत्र केल्या की उभ्या हालचालीतला कचरा एकमेकांना खोडतो. नुसत्या बटणाने खरखर बरीच उतरते.

२५ जूनचं 'अवर वर्ल्ड'चं उपग्रहांवरून झालेलं प्रसारण खरंच थेट होतं का?

अर्धंमुर्धं. कार्यक्रम थेट होता. १४ देशांचा सहभाग, सोव्हिएत गटाने अरब-इस्राएल युद्धाच्या निषेधात काही दिवस आधी अंग काढून घेतलेलं. बीटल्सच्या गाण्याचा पायाभूत ट्रॅक मात्र १४ जूनलाच मुद्रित झाला होता. तो वाजत असताना गायन, बास, गिटारचा तुकडा आणि वाद्यवृंद थेट घेतला. बाजारात आलेल्या रेकॉर्डीसाठी सुरुवातीचा ड्रमचा गडगडाट आणि गायनातल्या काही ओळी नंतर दुरुस्त केल्या.

रंगीत चित्रफीत बघितली असेल तर ती १९९५ च्या माहितीपटासाठी रंगवलेली आहे. मूळ प्रक्षेपण कृष्णधवल होतं. ताल देणाऱ्यांसाठी एक गंमत: कडव्यात मुख्यतः सात मात्रांचं आवर्तन आहे, ध्रुवपदात चार. पहिल्यांदा टाळी धरणारा बहुतेक वेळा कडव्यात चुकतो.

रेडिओचा काय संबंध?

मोठा. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत एएमचाच कार्यक्रम एफएमवर सगळा वेळ वाजवायला नियामक मंडळाने मनाई केली. त्यामुळे १९६७ सुरू होताना एफएमवर मोकळे तास पडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या केंद्रावर टॉम डोनह्यूने एप्रिलपासून तिथे अल्बममधली लांब गाणी वाजवली. एएमला तीन मिनिटांच्या आतलं गाणं लागे. 'द डोअर्स' या वाद्यवृंदाचं त्या जुलैत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं अल्बमवर सात मिनिटांचं आहे, एएमसाठी मधलं ऑर्गन आणि गिटारवादन छाटलं. संग्रह-अल्बम घेताना मिनिटं तपासा, बऱ्याचदा छाटलेलीच आवृत्ती गळ्यात पडते.

त्या काळची मैफलींची भिंतीपत्रकं वाचताच येत नाहीत. तशीच हवी होती का?

हो, मुद्दाम. ती काढणाऱ्या व्हिक्टर मोस्कोसोने येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्सकडे रंगशास्त्र शिकून घेतलं होतं. लाल-निळा किंवा नारिंगी-हिरवा असे विरोधी पण सारख्याच उजळपणाचे रंग शेजारी ठेवले की कडा थरथरतात. फोनवर फोटो काढून कृष्णधवल करून बघा: रंग नीट निवडले असतील तर अक्षरं करड्या रंगात जवळपास नाहीशी होतात.

मूळ प्रत की नक्कल हे दहा पट भिंगाखाली कळतं. मूळ ऑफसेट छपाईत सपाट रंग एकसंध शाईचा असतो. स्कॅन करून छापलेल्या नकलेत त्याच जागी चार रंगांचे बारीक ठिपके दिसतात.

मैफलींच्या वेळी पडद्यावर हलणारे ते रंगीत द्रव घरी करता येतील का?

येतील. सॅन फ्रान्सिस्कोत बिल हॅम वगैरे मंडळींनी हे मंचावर रुजवलं. लागतं ते असं: खालून दिवा असलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन बाकदार काचा, २० ते २५ सेंटिमीटरच्या, एकीत एक बसणाऱ्या.

खालच्या काचेत ५० मिली पाणी आणि खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब. त्यावर २० मिली मिनरल ऑइल, तेलात विरघळणारा मेणबत्तीचा रंग घालून. दुसरी काच तिरपी धरून हळू टेकवा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. मग बोटांनी लयीत दाबा आणि सोडा. थर पातळ झाला की रंग पसरतो, सोडला की गोळा होतो. फोकस काचेच्या तळावर नाही, द्रवाच्या थरावर धरा.

बिघडतं ते ठरलेलं. खाण्याचा रंग तेलात घातला तर तो तळाशी थेंब होऊन बसतो. द्रव जास्त झाला की पडदा काळवंडतो. तासभर चालवलं की दिव्याच्या उष्णतेने तेल पातळ होतं आणि आकार लवकर फुटतात, तेव्हा दर वीस मिनिटांनी काचा बदला. स्पिरिटसारखं पेट घेणारं काहीही गरम दिव्यावर नको.

सगळीकडे प्रेम आणि शांतता होती?

मुळीच नाही. त्याच जुलैत न्यूअर्कमध्ये २६ आणि डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं दंगलींत मेली. व्हिएतनाममधलं अमेरिकन सैन्य वर्षअखेर पाच लाखांच्या जवळ पोचलं. सक्तीची भरती नाकारल्याबद्दल २० जूनला मुहम्मद अली दोषी ठरला. हेट-ॲशबरीतही गर्दी वाढली तशी उपासमार, आजार आणि अमली पदार्थांचे बळी वाढले. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी ७ जूनला तिथे मोफत दवाखाना उघडला तो याच गरजेपोटी. आठवणींच्या कार्यक्रमांत गाणी लावताना हे गाळलं की त्या गाण्यांतला ताण कळत नाही. ॲरिथा फ्रँकलिनचं आदर मागणारं गाणं जूनच्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, फुलांच्या गाण्यांइतकंच तेही या उन्हाळ्याचं आहे.

जुन्या रेकॉर्डी संगणकावर उतरवताना काय ठेवायचं?

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. आधी सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवून पातळी अशी लावा की शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. मोनो रेकॉर्डही दोन चॅनेलवरच घ्या आणि नंतर एकत्र करा, कारण एखाद्या बाजूची भिंत जास्त झिजलेली असेल तर चांगली बाजू निवडता येते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका, प्रतीवर चालवा. भीमपलासीसारख्या संथ आलापात ते तारेच्या आघाताची टोकं खरखर समजून खाऊन टाकतं.